अर्ध्यावर राहिलेला डिनर सेट

लंडनजवळच्या विंडसर किल्ल्यात, ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात, एक फ्रेंच डिनर सेट आहे. गर्द निळी जमीन, तिच्यावर सोन्याची नक्षी आणि मोकळ्या सोडलेल्या चौकटींत ग्रीक-रोमन पुराणकथांतले प्रसंग. सोळाव्या लुईने व्हर्सायच्या राजवाड्यासाठी १७८३ साली सेव्रच्या राजकारखान्यात तो करायला घातला. मुदत ठरली तेवीस वर्षांची!

बँकेत असताना मुदत लांबली की मी आधी अर्जदाराचे वय पाहत असे. इथे अर्जदार तिशीच्या आतला. सेट पुरा होईतो तो पन्नाशी ओलांडणार. हिशेबात खोट काढण्यासारखे काही नव्हते.

इतका वेळ का? कडक पोर्सिलीनला लागणारी पांढरी माती १७६८ साली फ्रान्समध्येच सापडली होती. तरीही राजाने जुनेच नाजूक पोर्सिलीन पसंत केले. काचेच्या भुकटीत माती मिसळून केलेला हा लगदा भट्टीत वाकतो, बसतो. बराच माल वाया जातो. मात्र त्यावरचे रंग झिलईत मुरतात, तशी मजा कडक पोर्सिलीनमध्ये येत नाही. पुन्हा प्रत्येक नगाला अनेक भट्ट्या, आणि सोने लावल्यावर घासून झळाळी आणायची ती वेगळीच. एका बशीची किंमत ४८० लिव्र. पॅरिसमधल्या साध्या मजुराला दिवसाला लिव्र-सव्वा लिव्र मिळे, म्हणजे त्याची वर्षाहून अधिक मजुरी एका बशीत गेली.

दर वर्षअखेरीस कारखान्याचा नवा माल व्हर्सायला राजाच्या दालनात मांडला जाई आणि दरबाऱ्यांनी खरेदी करावी, अशी अपेक्षा असे. नको म्हणायची सोय कुणाला होती?

१७८८ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या खजिन्याने देणी थांबवली. सेटचे काम थांबले नाही. राज्यक्रांती झाली, तरी बशा रंगतच होत्या. २१ जानेवारी १७९३ रोजी लुईचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला, तेव्हा जेमतेम निम्मा सेट तयार होता.

पुढे १८११ च्या सुमारास त्यातला बहुतेक भाग इंग्लंडच्या युवराजाने, म्हणजे नंतरच्या चौथ्या जॉर्जने, विकत घेतला. तेव्हा नेपोलियनशी युद्ध चालू होते. या गृहस्थाचीही पत काही फारशी नव्हती; १७९५ साली त्याच्या कर्जाची तजवीज पार्लमेंटला करावी लागली होती.

कारखाना प्रजासत्ताकाने मोडला नाही, स्वतःकडे ठेवला. सेव्रच्या भट्ट्या आजही पेटतात. लुईच्या यादीतले उरलेले नग मात्र कुणी केले नाहीत.