मीटर फिरलं, वाचक आलाच नाही

जुलै २०२४मध्ये सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन होस्ट करणाऱ्या ‘रीड द डॉक्स’ने आपलं एक बिल चव्हाट्यावर मांडलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात एआयसाठी मजकूर गोळा करणाऱ्या एकाच क्रॉलरने त्यांच्याकडून ७३ टेराबाइट फाइली ओढून नेल्या होत्या, त्यातल्या जवळजवळ १० टेराबाइट एकाच दिवसात. बँडविड्थचा भुर्दंड पाच हजार डॉलरच्या वर गेला. ‘वापराल तेवढे पैसे’ या दरपद्धतीतली खोट तिथे उघडी पडली. बिल ज्याच्या नावावर फाटतं, त्याच्या हातात वापर नसतोच.

ॲमेझॉनने २००६मध्ये एस-थ्री ही फाइली साठवण्याची सेवा सुरू केली आणि गिगाबाइटमागे २० सेंट पाठवणावळ लावली, तेव्हा ही पद्धत रास्तच वाटली. बाइट गेले म्हणजे कुणीतरी वाचलं, एवढं तेव्हा धरून चालता येत होतं. डॉक्युमेंटेशनला खरी बहार आली ती पुढच्या दशकात. २००८मध्ये डॉक्युमेंटेशन तयार करणारं स्फिंक्स आलं, २०१०मध्ये ४८ तासांच्या ‘जँगो डॅश’ स्पर्धेतून ‘रीड द डॉक्स’ उभं राहिलं, आणि कोड ढकलला की डॉक्युमेंटेशन आपोआप तयार होऊ लागलं. जुन्या आवृत्त्याही जागच्या जागी राहिल्या. मुक्त प्रकल्पांना हे सगळं फुकट होतं, खर्च जाहिरातींतून आणि कंपन्यांच्या वर्गणीतून निघे. ती पाणपोई होती. आता तिला टँकर लागले आहेत. त्याच दशकात गुंतवणूकदारांच्या पैशावर पोसलेल्या कंपन्यांनीही ‘फुकट’ची पाटी लावली, पण मर्यादेपुढचा दर बारीक अक्षरांत ठेवला. फेब्रुवारी २०२४मध्ये होस्टिंग कंपनी नेटलिफायच्या फुकट योजनेवरच्या एका साध्या साइटला १,०४,५०० डॉलरचं बिल आलं. दर होता १०० गिगाबाइटला ५५ डॉलर, म्हणजे अठरा वर्षांपूर्वीच्या ॲमेझॉनच्या पावणेतीनपट! बोभाटा झाल्यावर ते माफ झालं. ज्यांचा बोभाटा होत नाही, त्यांचं काय?

यावर उत्तर ठरलेलं आहे : सरसकट दर लावला तर लहान प्रकल्प मोठ्यांचा बोजा उचलतात, मीटर निदान न्याय्य तरी असतं. विजेच्या बाबतीत हे पटतं, कारण दिवा मालवणं आपल्या हातात असतं. डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्याने काय मालवायचं? त्याचं पान जास्त वाचलं जावं, हाच तर त्याचा हेतू. खर्चाला कमाल मर्यादा घातली, तर ती गाठल्यावर खऱ्या वाचकालाच दार बंद. क्रॉलरना मज्जाव लिहून ठेवायच्या ‘रोबॉट्स डॉट टीएक्सटी’चा सल्ला देणारे विसरतात, की ती फाइल म्हणजे विनंती आहे, कुलूप नव्हे. आणि आवृत्त्या जपल्याची शिक्षा वेगळीच : वाचक एक पान उघडतो, क्रॉलर प्रत्येक आवृत्तीतलं ते पान उचलतो.

आकारणी करायचीच, तर गिऱ्हाईक स्वतः ठरवतं त्या गोष्टींवर करावी : किती प्रकल्प, किती बिल्ड, किती लेखक. बाइटवर नको. ‘रीड द डॉक्स’ने एआय क्रॉलर अडवून पाहिले, तेव्हा डाउनलोड फाइलींची रोजची सुमारे ८०० गिगाबाइटची वाहतूक २००वर आली. घटलेल्या त्या तीन चतुर्थांशाला ‘वापर’ म्हणून बिल लावणं ही निव्वळ लूट आहे.