पोरांना आधीच एक शब्द द्या



बचत गटाच्या बैठकीत हल्ली हप्त्याबरोबर एक विषय निघतोच: पोरं मोबाईल सोडत नाहीत. झोप होत नाही, अभ्यास बुडतो, हे खरंच आहे. पण आज त्याच्या पुढचं बोलू. मोबाईलवरून कुणी आपल्या मुलाला किंवा मुलीला धमकावत असेल, तर ते आपल्याला कळेल का?

हे घडतं कसं, ते बघा. इन्स्टाग्रामवर अनोळखी माणूस ओळख काढतो. नाव मुलीचं, फोटो मुलीचा, पण मागे कोणीही असू शकतं. थोडे दिवस गोड बोलणं चालतं. मग फोटो मागितला जातो, नाहीतर व्हिडिओ कॉल येतो आणि तो तिकडे रेकॉर्ड होतो. मग धमकी सुरू: पैसे पाठव, नाहीतर सगळ्या ओळखीच्यांना दाखवतो. कधी साध्या फोटोवरून खोटा घाणेरडा फोटोही तयार करतात. यात मुली फसतात, तसे मुलगेही फसतात.

अशा माणसाची सगळी ताकद एकाच गोष्टीत असते. मूल घरी सांगणार नाही, याची त्याला खात्री असते. मुलीला वाटतं, सांगितलं तर आधी फोन जाईल, मग शाळा बंद होईल, मग स्थळं बघायला लागतील. मुलाला वाटतं, बाबा मारतील. म्हणून ती गप्प बसतात. जेवण कमी होतं, फोन वाजला की दचकतात, घरातले पैसे कमी व्हायला लागतात.

तेव्हा काही घडायच्या आधीच, आज संध्याकाळी भाकरी करता करता त्यांना सांगा: “काहीही झालं तरी मला सांग. मी ओरडणार नाही, तुझी शाळा बंद होणार नाही.” आणि घरातल्या पुरुषांनाही या शब्दात सामील करून घ्या.

असं काही घडलंच, तर पैसे पाठवू नका. एकदा दिले की मागणी वाढते. मेसेज पुसू नका. खात्याचं नाव आणि नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, मग ब्लॉक करा. तो फोटो कुणालाही पुढे पाठवू नका, दाखवायला म्हणूनसुद्धा नाही.

पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा. मुलांच्या मदतीसाठी 1098 आहे. पोलिसांकडे जायला घाबरू नका. 18 वर्षांखालच्या मुलामुलींसाठी 2012 चा पोक्सो कायदा आहे. त्यात मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. त्याचं नाव वर्तमानपत्रात येऊ नये, अशीही तरतूद आहे.

शब्द दिला म्हणजे मोकळीक दिली असं नाही. रात्री सगळ्यांचे फोन, आपलेसुद्धा, एकाच जागी चार्जिंगला लावा.

येत्या बैठकीत हे दोन्ही नंबर गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. गुन्हा धमकावणाऱ्यानं केलेला असतो. त्याची शिक्षा आपल्या लेकीच्या शाळेला होऊ देऊ नका.