बॅटरी किती मोठी, हा नंतरचा प्रश्न

पावसाळी बंदी उठायच्या सुमारास कोकणातल्या बंदरांवर होड्यांची डागडुजी सुरू होते. इंजिनाचं तेल बदललं जातं, जाळी तुणली जातात आणि जुनी बॅटरी दम धरत नसेल तर नवी येते. ती घेताना बहुतेकदा एकच आकडा विचारला जातो: किती ॲम्पिअर-अवरची? १००ची, १५०ची की १८०ची? इंजिन बंद असताना दिवे, वायरलेस, जीपीएस आणि फिशफाइंडर चालवणाऱ्या बॅटरीबद्दलचे बरेचसे गैरसमज याच आकड्याभोवती साठलेले आहेत. बॅटरी ही पाण्याच्या टाकीसारखी असते आणि टाकी जितकी मोठी तितकी चैन, हे गृहीतच चुकीचं आहे. किती साठतं हे पाहण्याआधी ती रोज परत कशी आणि किती वेळात भरली जाणार, हे पाहायला हवं. आडातच नसेल तर पोहरा मोठा घेऊन काय होणार?

आधी बॅटरीच्या पोटातला फरक पाहू. इंजिनाला किक देणाऱ्या बॅटरीत शिशाच्या पातळ प्लेटा दाटीवाटीने बसवलेल्या असतात. पृष्ठभाग जास्त मिळाल्याने ती काही सेकंदांत शेकडो ॲम्पिअर देते आणि इंजिन चालू झालं की तेवढी झीज लगेच भरून निघते. तिच्याकडून रात्रभर थोडा थोडा करंट घेऊन ती अर्ध्यावर आणली, तर प्लेटांवरचा लगदा सुटून तळाशी साचू लागतो. खोलवर रिकामी करून पुन्हा भरण्यासाठीच केलेल्या डीप सायकल बॅटरीच्या प्लेटा जाड असतात. आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टरखाली दिसणाऱ्या ट्यूब्युलर बॅटरीत तर हा लगदा विणलेल्या नळ्यांत कोंबलेला असतो, त्यामुळे तो सहजी गळत नाही. यावर नेहमीचा आक्षेप असा की ट्रकची बॅटरी लावून कित्येक होड्या चालतात. चालतात, हे खरंच. पण त्या बॅटरीला किती वेळा खोलवर रिकामं केलं जातं यावर तिचं आयुष्य ठरतं, आणि स्वस्तात घेतलेली बॅटरी दर हंगामाला बदलावी लागली तर ती स्वस्त राहत नाही. उलट बाजूने, ‘मरीन’ हा शब्द छापला म्हणजे बॅटरी डीप सायकल झाली असंही नाही. लेबलावर ॲम्पिअर-अवरपेक्षा क्रँकिंग ॲम्पिअर मोठ्या अक्षरात असतील, तर ती मुळात स्टार्टर समजावी. दुकानदाराला विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: किती खोल रिकामी केली तर किती वेळा भरता येईल?

आता तो लाडका आकडा. १५० ॲम्पिअर-अवर हे साधारणपणे २० तासांच्या हिशेबाने मोजलेलं असतं, म्हणजे साडेसात ॲम्पिअर दराने २० तास. हीच बॅटरी ३० ॲम्पिअर दराने वापरली तर साध्या भागाकाराने पाच तास यायला हवेत, पण प्रत्यक्षात ती चार तासांच्या आतच मान टाकते. करंट जितका जास्त तितकी हाती येणारी साठवण कमी, हा नियम विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये मांडला. शिवाय शिशाच्या बॅटरीला निम्म्याखाली वारंवार नेलं तर तिचं आयुष्य झपाट्याने आटतं. म्हणून १५०च्या बॅटरीत भरवशाचे ७५ धरावेत.

पण खरी गोम भरण्यात आहे. रात्री इंजिन बंद करून जाळ्यावर थांबणारी होडी घ्या. नांगराचा आणि कामाचे एलईडी दिवे मिळून दोन ॲम्पिअर, जीपीएस आणि फिशफाइंडर दीड, वायरलेस नुसता ऐकायला अर्धा. चार ॲम्पिअर गुणिले १२ तास म्हणजे ४८ ॲम्पिअर-अवर. निम्म्याच्या नियमाने १००ची बॅटरी काठावर पुरते, १२०-१५०ची निवांत. ६० ॲम्पिअरचा अल्टरनेटर असेल तर तासाभरात हे भरून निघेल, असं वाटतं. तसं होत नाही. अल्टरनेटर कितीही देऊ शकत असला तरी बॅटरी किती घेते हे तिच्या रसायनावर ठरतं. १००ची पाण्याची बॅटरी सुरुवातीला वीस-पंचवीस ॲम्पिअर घेते, आणि ८० टक्क्यांच्या पुढे हा ओघ आटत जातो. शेवटच्या वीस टक्क्यांना कित्येक तास लागतात आणि तिथे घाई चालत नाही. दिवसभर ट्रॉल ओढणाऱ्या होडीला हा प्रश्न फारसा भेडसावत नाही, कारण इंजिन चालूच असतं. अशा होडीने मोठ्या बॅटरीवर पैसे घालवूच नयेत. अडचण आहे ती दिवसाला दोन-तीन तासच इंजिन चालवणाऱ्यांची. त्यांची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. तिच्या शेजारी तसलीच दुसरी जोडली तरी भरणारा स्रोत तोच राहतो. फक्त अर्धपोटी बॅटऱ्या एकाच्या दोन होतात. त्या पैशांत टपावर एक सौरपॅनेल बसवलं तर ते दिवसभर तीच हळूहळू भरण्याची कामगिरी करतं, जी इंजिनाला डिझेल जाळूनही नीट जमत नाही.

अर्धपोटी राहिल्याने काय बिघडतं, हे पावसाळ्यात सर्वांत स्पष्ट दिसतं. बॅटरी रिकामी होताना प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. लगेच भरली तर ते विरघळतं. तसंच पडून राहिलं तर त्याचे कडक स्फटिक होतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारीची बंदी १ जूनपासून ६१ दिवस असते. मे महिन्याच्या शेवटच्या फेरीनंतर बॅटरी अर्धवट भरलेली तशीच ठेवली, तर उकाड्यात ती महिन्याला पाच-दहा टक्के आपोआप गमावते. नारळी पौर्णिमेला ती ‘अचानक’ मेलेली सापडते, आणि दोष बिचाऱ्या सिमेंटच्या फरशीला दिला जातो. फरशीवर ठेवल्याने बॅटरी उतरते हा समज लाकडी खोक्यांच्या जमान्यातला आहे. आजच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशीचं काही सोयरसुतक नाही. ठेवण्याआधी पूर्ण भरणं, तारा काढून ठेवणं आणि महिन्यातून एकदा चार्जर लावणं एवढंच लागतं. विश्रांतीत असलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.७च्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी.

लिथियमबद्दल दोन टोकांचे समज आहेत. एक, ती पेट घेते. मोबाइलमधलं रसायन आणि होड्यांसाठी वापरलं जाणारं लिथियम आयर्न फॉस्फेट ही वेगळी कुळं आहेत. दुसरं तापमानाला बरंच जास्त टिकतं, मात्र सदोष जोडणीची आग कोणत्याही बॅटरीला लागू शकते. दुसरा समज असा की जुनी काढायची, नवी ठेवायची, झालं. तसं नाही. ही बॅटरी जवळपास शेवटपर्यंत पूर्ण दमाने करंट खेचते, त्यामुळे साधा अल्टरनेटर तापून जळू शकतो. आणि आतल्या सुरक्षा-सर्किटने चालत्या इंजिनावर बॅटरी एकाएकी तोडली तर अल्टरनेटरचे डायोड जातात. मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा. शिवाय हिचा व्होल्टेज बराच काळ १३च्या आसपास सपाट राहतो, म्हणून व्होल्टमीटर पाहून अंदाज बांधता येत नाही. हा सगळा खर्च धरूनही, कमी इंजिन चालवणाऱ्या होडीला ती परवडू शकते. कारण अर्धवट भरलेली राहिली तरी तिचं बिघडत नाही, आणि साठवणीतले ८० टक्के बिनधास्त वापरता येतात. दिवसभर इंजिन चालवणाऱ्याने मात्र हा जास्तीचा पैसा कशासाठी घालायचा?

राहिली एजीएम, म्हणजे शिशाचीच पण सीलबंद बॅटरी. पाणी घालावं लागत नाही, कलंडली तरी ॲसिड सांडत नाही. हेलकावणाऱ्या होडीत हे मोलाचं. उंच ट्यूब्युलर बॅटरी बैठकीच्या खोलीसाठी घडवलेली आहे. होडीत ठेवायची तर तळाशी, पट्ट्याने करकचून आवळून, आणि बिल्जच्या पाण्यापासून दूर, कारण खारं पाणी सेलमध्ये शिरलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. पण एजीएमलाही अर्धपोटी ठेवल्याचा त्रास तितकाच होतो, आणि इंजिनाच्या उष्म्याचाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. यांपैकी कोणतीही घेतली तरी किकची बॅटरी वेगळी आणि मधल्या स्विचने तोडलेली असावी. रात्रीच्या दिव्यांनी एक बॅटरी संपवली, तरी पहाटे इंजिन चालू व्हायला हवं.