लेखमाला : मराठी ख्रिस्ती लेखणी
ख्रिस्तपुराण घाटावर का पोचलं नाही?

बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीकडे या आठवड्यात वळायचं कबूल केलं होतं. ते जरा राहू द्या. मालवणच्या एका वाचकांनी असा प्रश्न टाकलाय की तो ओलांडून पुढे जाववत नाही. ते म्हणतात, गोव्यातल्या जेझुइट फादर स्टीफन्सने मराठीत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, १६१६ साली ते छापूनही निघालं. मग घाटावर कुणाला त्याचा पत्ताच कसा नाही? ख्रिस्ती लेखकाने भोवतालच्या संस्कृतीत काही रुजवायला हवं असं तुम्ही बजावता, तर या पहिल्याच गड्याने काय रुजवलं?

प्रश्न रास्त आहे. माझ्या मते सगळी अडचण लिपीत आहे.

गोव्यातल्या राशोलच्या छापखान्यातून ख्रिस्तपुराण बाहेर पडलं ते रोमन अक्षरांत. जवळजवळ अकरा हजार ओव्या, वळण ज्ञानेश्वर-एकनाथांचं आणि अक्षरं मात्र पोर्तुगालची. ‘पुराण’ शब्दातला ण दाखवायचा तर ‘एन’ दोनदा काढायचा. गोव्यातली रोमी कोंकणी आजही ट साठी ‘टी’ दोनदा लिहिते, ती याच घराण्यातली. पाद्र्यांच्या शाळेत शिकलेला साष्टीतला ख्रिस्ती हे वाचू शके. पैठणच्या पुराणिकाला ती पानं मुंग्यांच्या रांगेसारखी दिसली असती.

याचं खापर स्टीफन्सच्या माथी फोडायला मी तयार नाही. डिसेंबर १६०८ मध्ये त्याने रोमला आपल्या सर्वोच्च वरिष्ठांना पत्र लिहिलं. गोव्यात येऊन त्याला तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती. मरण्यापूर्वी या देशाच्या भाषेत आणि या देशाच्याच लिपीत छापलेली पुस्तकं पाहायची इच्छा आहे, असं तो कळवतो. घोडं कुठे अडलंय तेही सांगतो. युरोपात चोवीस अक्षरांवर काम भागतं, इथे सहाशेच्या घरात साचे लागतील. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं, सगळं धरून. मग स्वतःच तोड काढतो : नीट जुळवलं तर दोनशे साच्यांत निभावेल. मलबारात झालंय, मग इथे का नाही, हा त्याचा मुद्दा; आणि कोल्लमला १५७८ मध्येच तमिळ खिळ्यांनी पुस्तक छापलं गेलं होतं. अ. का. प्रियोळकरांनी भारतीय मुद्रणाच्या इतिहासावरच्या १९५८ च्या ग्रंथात या पत्राचा परामर्श घेतलाय. लेखकाची जबाबदारी छंद आणि भाषा निवडली की संपत नाही, पान वाचकाच्या ओळखीचं हवं, हे या म्हाताऱ्याला पुरतं उमगलं होतं.

खिळे काही पडले नाहीत. १६१९ मध्ये तो वारला. १६४९ आणि १६५४ मध्ये पुराण पुन्हा छापलं गेलं, पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. १६८४ च्या फर्मानाने पोर्तुगीज सरकार देशी भाषांच्याच मुळावर उठलं. ग्रंथ तगला तो गाणाऱ्यांच्या गळ्यात आणि हाताने उतरून घेतलेल्या वह्यांत, विशेषतः मंगळूरकडे. तिथेच १९०७ मध्ये सालढाणांनी तो संपादून काढला, पुन्हा रोमनमध्ये. पुण्यात शांताराम बंडेलूंनी देवनागरीत छापला तेव्हा १९५६ उजाडलं होतं. म्हणजे ३४० वर्षं!

एक गंमत सांगायची राहिली. जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्याला (आपल्या संतांची चरित्रं इंग्रजीत नेणारा तो हाच) लंडनमध्ये मार्सडेन संग्रहात ख्रिस्तपुराणाचं देवनागरी हस्तलिखित सापडलं. सालढाणांच्या छापील पाठात जिथे पोर्तुगीज शब्द आहेत, तिथे यात संस्कृत शब्द. मूळ रूप यातलं कोणतं, यावर विद्वान भांडोत. मला कुतूहल आहे ते इतक्या हजार ओव्या देवनागरीत बोरूने उतरवणाऱ्याचं. त्याच्या डोळ्यांसमोर कोण वाचक होता?

देवनागरी खिळ्यांचं काम पुढे मिशनऱ्यांच्याच हातून मार्गी लागलं. विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला निघालं, त्यात देवनागरी खिळे आहेत. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमने अक्षराला घाट दिला. त्याच छापखान्यात जावजी दादाजी नावाचा एक पोरगा कामाला लागला आणि मोठेपणी त्याने निर्णयसागर छापखाना काढला. शुभवर्तमानाची चोपडी छापताना हाती आलेला हुन्नर अशा रीतीने निर्णयसागरच्या ‘काव्यमाला’ या मालिकेतल्या संस्कृत ग्रंथांच्या कामी आला. ‘प्रभाव पाडा’ म्हणून लेखकांना उपदेश करणाऱ्या आमच्या मंडळींना हा प्रभाव मोजायला फूटपट्टी सापडणार नाही.

जावजींवर आणखी लिहीत बसलो तर पदमनजी पुन्हा लांबतील. ‘यमुनापर्यटन’ पुढच्या आठवड्यात, नक्की. ज्यांच्या घरी प्रत असेल त्यांनी तोवर निदान पहिलं प्रकरण वाचून ठेवावं.