वलवणमध्ये जलतरण तलाव : खर्चाचे गणित कोठे चुकते?

लोणावळा : धरणाच्या काठी असलेल्या वलवणमध्ये पोहण्यासाठी वेगळा तलाव कशाला, असा प्रश्न सहज पडू शकतो. मात्र, वलवणचे धरण वीजनिर्मितीसाठी बांधलेले आहे. त्याच पाण्यावर खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. खोल, अनोळखी पाण्यात पोहणे शिकता येत नाही. भुशी धरणालगतच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेल्याची घटना अद्याप विस्मृतीत गेलेली नाही. (अशा लोंढ्यापुढे पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही, हेही खरेच.) मुलांना पोहणे शिकविणारा आणि स्पर्धाही भरविता येतील असा सार्वजनिक तलाव येथे उभारायचा झाल्यास खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

पहिला निर्णय आकाराचा. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि दोन मीटर खोल तलावात २५ लाख लिटर पाणी लागते. २५ मीटर लांबीचा, अडीच मीटर रुंदीच्या सहा मार्गिकांचा व सरासरी दीड मीटर खोलीचा तलाव साडेपाच लाख लिटरच्या आसपास भरतो. २५ मीटरच्या तलावातही अधिकृत स्पर्धा होतात; या अंतराच्या जागतिक स्पर्धा १९९३ पासून भरत आहेत. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे संकुल फार दूर नसताना वलवणने ५० मीटरचा हट्ट धरू नये.

स्पर्धेसाठी मापे मात्र काटेकोर हवीत. लांबी एक मिलिमीटरनेही कमी चालत नाही. वेळ नोंदविणारे टच पॅड दोन्ही टोकांना बसवायचे असतील, तर प्रत्येकाची एक सेंटिमीटर जाडी जमेस धरून लाद्या लावल्यानंतरची लांबी ठरवावी लागते. उडीच्या ओट्यासमोर किमान १.३५ मीटर खोली आवश्यक असते. बांधकामानंतर या चुका दुरुस्त करणे म्हणजे भिंत फोडणे.

अंदाजपत्रक तयार करताना सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची हाताशी असतेच. पण येथे दोन बाबी वेगळ्या आहेत. एक म्हणजे जमिनीखालील कठीण काळा पाषाण. भूस्तर चाचणीविना खोदाईचा धरलेला दर हमखास कोलमडतो. दुसरी, पाऊस. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उघड्या तलावावर त्या हिशेबाने १५ लाख लिटर, म्हणजे तलाव अडीच वेळा भरून उरेल इतके पाणी कोसळेल. क्लोरिनची मात्रा रोज बिघडेल. त्याला कंटाळून तलाव रिकामा ठेवला, तर भूजलाच्या दाबाने तळ उचलला जाऊन तडे जाऊ शकतात. त्यामुळे तळाखालील निचरा आणि छप्पर या येथे चैनीच्या बाबी ठरत नाहीत.

खरी कसोटी उद्घाटनानंतर लागते. सहा तासांत सर्व पाणी एकदा गाळणीतून फिरवायचे, तर तासाला सुमारे ९४ हजार लिटर पाणी ओढावे लागते. त्यासाठी पंपाला दिवसाकाठी १५० युनिटच्या आसपास वीज लागेल. थंडीत या तलावाचे पाणी केवळ एक अंशाने तापविण्यास सुमारे ६५० युनिट खर्ची पडतात. हीट पंप वापरल्यास हा खर्च बराच घटतो.

उदाहरणादाखल, विजेचा दर युनिटला दहा रुपये धरल्यास पंपाचे मासिक बिल ४५ हजार रुपये होईल. जीवरक्षक, प्रशिक्षक, यंत्रचालक आणि सफाई कामगार मिळून दहा जणांना प्रत्येकी १८ हजार रुपये दिल्यास एक लाख ८० हजार. ३०० सभासदांचे प्रत्येकी ८०० रुपये शुल्क आले, तरी जमा दोन लाख ४० हजारच. जंतुनाशके, पाणीपट्टी व दुरुस्तीला १५ हजार रुपये उरतात. पावसाळ्यात सभासद निम्म्यावर आले, तर दरमहा लाखाहून अधिक तूट पडेल. कारण पगार आणि पंप थांबत नाहीत.

खेलो इंडियासारख्या योजनांतून बांधकामासाठी निधी मागता येतो. दरमहाची तूट मात्र स्थानिक तिजोरीवरच येते. ती कोण आणि किती वर्षे भरणार, याचा ठराव निविदेपूर्वीच व्हायला हवा. छपरासाठी पहिल्या टप्प्यात पैसे नसतील, तर निदान त्याच्या खांबांचा पाया तलावाबरोबरच घालून ठेवावा. अन्यथा दुसऱ्या टप्प्यात काठाची फरशी आणि तिच्याखालच्या जलवाहिन्या पुन्हा उखडाव्या लागतील.