नळावरचा पांढरा थर आणि वाघोलीचा खडक

पुणे-नगर रस्त्यावरच्या वाघोलीत नवा फ्लॅट घेतलेल्या कुटुंबाला पहिला मोठा धक्का बसतो तो पाण्याचा. काही महिन्यांतच नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो, शॉवरची भोकं बुजतात, स्टीलची भांडी वाळली की त्यांवर डाग राहतात आणि गिझर दुरुस्त करणारा माणूस आतली कॉइल काढून दाखवतो तेव्हा ती पांढऱ्या कवचात गेलेली असते. "बोअरचं आणि टँकरचं पाणी, क्षार फार," असं सगळे सांगतात. ते खरंच आहे. पण हे क्षार येतात कुठून, याचा माग काढला तर आपण सुमारे ६.६ कोटी वर्षं मागे जाऊन पोचतो, आणि पायाखालच्या काळ्या पाषाणाकडे बघण्याची नजरच बदलते.

हा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. दख्खनचं पठार लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांनी बनलं. या दगडातल्या फेल्डस्पार नावाच्या खनिजात कॅल्शियम असतं आणि पायरॉक्सीनमध्ये कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही. पाण्याचा कठीणपणा म्हणजे विरघळलेली हीच दोन मूलद्रव्यं. ती दगडातून पाण्यात यायला आम्ल लागतं आणि ते पाऊस स्वतः आणतो. थेंब हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली येतो, पण खरी भर पडते ती मातीत. तिथे मुळं आणि जीवाणू सतत श्वसन करत असतात. मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतं. त्यातून झिरपणारं पाणी सौम्य कार्बनिक आम्ल होऊन खडकाच्या भेगांत उतरतं, फेल्डस्पार कुरतडतं, काळ्या मातीतली चुनखडी विरघळवतं. दगडाची माती होते आणि कॅल्शियम पाण्याबरोबर निघतं.

पुण्याला येणारं खडकवासला धरणाचं पाणी मात्र मृदू. तिथेही खडक बेसॉल्टच आहे. फरक पडतो तो सहवासाच्या काळाने. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळलेला पाऊस उतारांवरून धावत पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासल्याच्या जलाशयांत येतो. दगडाशी त्याची जेमतेम तोंडओळख होते. बोअरच्या पाण्याने मात्र भेगांमध्ये वर्षानुवर्षं मुक्काम केलेला असतो. एकाच शहराच्या दोन टोकांना साबणाचा फेस इतका वेगळा येतो, त्यामागे हे कारण आहे.

फेसाचं गणितही सुंदर आहे. साबणाचा रेणू सोडियमच्या साथीने पाण्यात विरघळतो. कॅल्शियम भेटलं की सोडियम बाजूला पडतं आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसणारी मळकट रेघ तीच. पाण्यातलं सगळं कॅल्शियम असं बांधलं जाईपर्यंत फेस येत नाही, म्हणूनच शाळेच्या पुस्तकात या पाण्याला दुष्फेन म्हटलेलं असतं.

स्वयंपाकघरात तर याहून मजेदार गोष्टी घडतात. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, ही तक्रार अगदी खरी आहे. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. शिजणं म्हणजे तो चिकटा सुटणं. पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवतं आणि डाळ हटून बसते. चिमूटभर खायचा सोडा टाकला की ती नरमते, कारण अल्कधर्मी पाण्यात पेक्टिन लवकर तुटतं. कोऱ्या चहावर येणारी तपकिरी साय हीसुद्धा कॅल्शियमचीच करणी. चहातली द्रव्यं, हवेतला ऑक्सिजन आणि पाण्यातला चुना यांनी मिळून ती विणलेली असते.

आता गिझरकडे येऊ. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, चुनखडीचं उलटं. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडून सर्वांत गरम जागी, म्हणजे कॉइलवर बसतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००. समजा, पाणी ५०० चं आहे आणि घरात रोज १०० लिटर गरम पाणी लागतं. मग दिवसाला ५० ग्रॅम चुनखडीइतके क्षार त्या गिझरमधून जातात, वर्षाला १८ किलो. सगळे तिथे बसत नाहीत, पण थोडेसे बसले तरी कॉइलची उष्णता अडते आणि विजेचं बिल चढतं.

आणि इथे वाघोलीची खरी नवलाई सुरू होते. या गावाच्या दगडखाणी जगभरच्या खनिजसंग्राहकांना ठाऊक आहेत. पुण्याच्या इमारतींसाठी खडी फोडताना तिथल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत गडद निळ्या रंगाचं कॅव्हनसाइट सापडलं. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांचं हे दुर्मीळ खनिज. त्याचे जगातले सर्वोत्तम नमुने वाघोलीचे मानले जातात. ते बहुधा बसलेलं असतं स्टिल्बाइट आणि ह्युलंडाइटच्या पांढऱ्या, मोतिया स्फटिकांवर. हे दोन्ही झिओलाइट कुळातले. लाव्हा थिजताना वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांतून गरम पाणी फिरलं, त्याने आजूबाजूच्या दगडातून कॅल्शियम आणि सिलिका उचलली आणि पोकळीत स्फटिक ठेवून दिले. दख्खनची अशी संपत्ती एकत्र पाहायची असेल तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय जरूर गाठावं.

झिओलाइटची रचना विलक्षण असते. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनची जाळी, त्यात नेमक्या मापाच्या पोकळ्या, आणि पोकळ्यांत पाणी. १७५६ मध्ये स्वीडनच्या ॲक्सेल क्रोनस्टेट यांनी असा दगड फुंकणीच्या ज्योतीत धरला तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला. जाळीतलं पाणी वाफ होऊन निघत होतं. या जाळीवर ऋण प्रभार असतो. तो भागवायला सोडियम किंवा कॅल्शियम सैलपणे आत बसलेलं असतं आणि दुसरा आयन समोर आला की जागा बदलतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी कृत्रिम झिओलाइट वापरून पाणी मृदू करायची रीत बसवली. सोडियम भरलेल्या जाळीतून कठीण पाणी सोडायचं. कॅल्शियम आत अडकतं, सोडियम बाहेर येतं. आज सोसायटीच्या तळघरातल्या सॉफ्टनरमध्ये प्लास्टिकच्या रेझिनचे बारीक मणी असतात, पण तत्त्व तेच. कपडे धुण्याच्या कित्येक पावडरींत मात्र अजूनही कृत्रिम झिओलाइट असतो. म्हणजे ज्या खडकाने पाणी कठीण केलं, त्याच खडकाच्या पोकळ्यांत ते मृदू करण्याची किल्ली ठेवलेली होती. या एका गोष्टीने मी अजूनही थक्क होतो.

सॉफ्टनरबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. टीडीएस मीटर पाण्यात बुडवून लोक सॉफ्टनर चालत नसल्याचा निष्कर्ष काढतात. ते यंत्र फक्त पाण्याची विद्युतवाहकता मोजतं. कॅल्शियम जाऊन सोडियम आलं तर आकडा जवळजवळ तसाच राहणार. कठीणपणा मोजायचा तर ईडीटीए द्रावणाची चाचणी हवी, ज्यात वाइनसारखा लालसर रंग एका थेंबासरशी निळा होतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कठीण पाणी म्हणजे वाईट पाणी नव्हे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. खरी भीती आहे ती मैलापाणी झिरपून येणाऱ्या जंतूंची आणि नायट्रेटची. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि ते उकळून जात नाही. ते नळावर डाग पाडत नाही, फेस अडवत नाही. टँकर रोज वेगळ्या विहिरीवर भरत असेल तर एकदा केलेल्या तपासणीवर विसंबता येत नाही. सोसायटीच्या सभेत गिझरवरून जितकी चर्चा होते, तितकी प्रयोगशाळेच्या अहवालावरून व्हायला हवी.

मृदू केलेल्या पाण्यातल्या सोडियमचाही हिशोब ठेवावा. ५०० चा कठीणपणा पूर्ण काढला तर लिटरमागे सुमारे २३० मिलिग्रॅम सोडियम वाढतं. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांच्या घरी पिण्या-स्वयंपाकाला हे पाणी न वापरलेलं बरं; तो नळ सॉफ्टनरला न जोडलेला असावा. शिवाय रेझिन पुन्हा ताजं करायला पोत्यांनी मीठ लागतं आणि ते खारं पाणी गटारात जातं. सोसायटीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, सोडियम काढत नाही. तेच पाणी बागेला दिलं तर मातीतही अदलाबदल सुरू होते. आयनांची ही अदलाबदल मुळात मातीतच लक्षात आली होती. १८५० मध्ये इंग्लंडमध्ये थॉम्पसन आणि वे यांनी अमोनियाचे क्षार मातीतून गाळले, तेव्हा अमोनिया मागे राहिला आणि कॅल्शियम बाहेर आलं. आपल्या काळ्या मातीची चिकणमाती या कामात फार तरबेज. तिने सोडियम धरलं की कण सुटे होतात, पाणी मुरायचं थांबतं आणि जमीन चोपण होते. अशा जमिनीत शेतकरी जिप्सम टाकतात. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, त्यामुळे बागेत टाकावं लागणारं कॅल्शियम हे तळघरात पैसे मोजून काढलेलंच असतं.