अर्ध्या पेनीची फुली

डेन्मार्कच्या टपाल कंपनीने डिसेंबर २०२५अखेर पत्रं वाटणं बंद केलं आणि चारशे वर्षांच्या परंपरेवर पडदा पडला. त्याआधी आपल्याकडचं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं होतं. दोन्ही बातम्यांनंतर लाल पेटी आणि खाकी गणवेशातला पोस्टमन यांच्या आठवणी खूप लिहिल्या गेल्या. मला मात्र तिकिटांची पुस्तिका आठवत राहिली. खिशात मावेल एवढं पुठ्ठ्याचं कव्हर, आत पिन मारलेली चार-सहा पानं, प्रत्येक पानावर सहा तिकिटं. पोस्टाच्या खिडकीवर वारंवार रांग लावायला नको म्हणून निघालेली ही चीज. ती वापरून संपवण्यासाठीच होती आणि लोकांनी ती संपवली. म्हणूनच न फाडलेली पुस्तिका आज दुर्मीळ आहे.

पुस्तिका जमवण्याचा छंद मुळापासून समजून घ्यायचा तर ब्रिटनच्या पुस्तिका बघाव्यात. तिथली पहिली पुस्तिका मार्च १९०४मध्ये आली. लाल कव्हर, आत एक पेनीची २४ तिकिटं. हिशेब दोन शिलिंगांचा, पण किंमत दोन शिलिंग अर्धा पेनी. वरचा अर्धा पेनी कव्हर आणि बांधणीचा. अर्ध्या पेनीची चिल्लर काढणं गिऱ्हाइकांना जाचक होतं, म्हणून १९०६मध्ये पोस्टाने तोडगा काढला. एक पेनीची १२ तिकिटं, अर्ध्या पेनीची २३, एकूण साडेतेवीस पेन्या, विक्री सरळ दोन शिलिंगांना. म्हणजे अर्धा पेनी पोस्टाने घेतलाच, फक्त रक्कम गोळा झाली. आता सहा-सहाच्या पानांत २३ तिकिटं बसवायची तर एक घर मोकळं राहतं. ते कोरं सोडलं असतं तर कोणीतरी त्याचा गैरवापर केला असता. म्हणून तिथे हिरवी फुली छापली. संत अँड्र्यूचा क्रॉस हे तिचं संग्राहकांच्या तोंडी असलेलं नाव. पाच तिकिटं आणि एक फुली असं ते पान आज लिलावात येतं तेव्हा भाव त्या फुलीमुळे चढतो, आणि मला तो रास्त वाटतो. पोस्टाच्या कारकुनाने केलेली वजाबाकी इतकी उघडपणे छापलेली दुसरीकडे क्वचितच दिसेल.

दुसरी गोष्ट उलट्या वॉटरमार्कची. नवा संग्राहक काळ्या तबकडीत बेंझिनचे दोन थेंब टाकतो, राजा एडवर्डच्या तिकिटामागचा मुकुटाचा वॉटरमार्क उलटा दिसतो आणि तो हरखून जातो. त्याला वाटतं, छापखान्यात चूक झाली. चूक झालेलीच नसते. पुस्तिकांसाठी कागद वेगळ्या रचनेने छापत. प्रत्येक पानाला पिन मारायला एका बाजूस कोरी पट्टी हवी. कागद वाया न घालवता ती मिळावी म्हणून तिकिटांचे काही रकाने सुलटे आणि तेवढेच उलटे छापायचे. कापल्यावर सगळी पानं बांधणीत सारखी बसत, पण निम्म्या पानांवर मुकुट डोक्यावर उभा. त्यामुळे पुस्तिकेतल्या तिकिटांपुरता उलटा मुकुट सुलट्याइतकाच सर्रास असतो. तेच तिकीट मोठ्या शीटमधून उलट्या मुकुटासह निघालं, तर मात्र कागद खरोखर चुकीच्या बाजूने यंत्रात गेला होता. तिकीट सुटं झालं की हा फरक सांगणं अवघड होतं, पान अखंड असेल तर लगेच कळतो. सुट्या तिकिटांचे अल्बम भरणाऱ्यांशी माझा वाद आहे तो इथेच.

पुढे पंचम जॉर्जच्या काळात पानावरच्या दोन घरांत चक्क जाहिराती आल्या. पण लोकांच्या डोळ्यांत भरलं ते मे १९७२मधलं वेजवुडचं एक पौंडाचं पुस्तक. मजकूर त्या चिनीमातीच्या कारखान्याचा, तिकिटं अर्नोल्ड मेचिन यांनी घडवलेल्या राणीच्या मुखवट्याची. पत्रांची वर्गवारी यंत्राने करता यावी म्हणून तिकिटांवर फॉस्फरच्या पट्ट्या असत. या पुस्तकात अर्ध्या पेनीचं तिकीट असं आहे की त्याला एकच पट्टी, तीही डाव्या कडेला. एरवी त्याला दोन्ही कडांना पट्ट्या असतात. बाकीची तिकिटं लोकांनी पाकिटांवर चिकटवून टाकली, हे अर्ध्या पेनीचं आता मेचिन मालिकेचं शिखर मानलं जातं. दातेरी कडा नीट असलेलं मिळणं आणखी कठीण, कारण पुस्तकाची पानं कापताना पातं दात्यांवरूनच जाई.

२००९पासून मेचिनच्या तिकिटांवर रॉयल मेल ही अक्षरं चमकत्या शाईने नागमोडी छापली जाऊ लागली. भिंगाखाली धरा: मेलच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या ‘ए’ऐवजी ‘टी’ असेल तर तिकीट बाराच्या पुस्तिकेतलं, ‘एस’ असेल तर सहाच्या, ‘एफ’ असेल तर चारच्या. घराबाहेर पडलेल्या तिकिटाने आपला पत्ता जवळ ठेवावा तसं हे. मग बारकोड आले आणि बिनबारकोडची नेहमीची तिकिटं जुलै २०२३नंतर चालेनाशी झाली. जुनी परत द्या, नवी घ्या, अशी योजना निघाली. परत गेलेल्या त्या ढिगांत न उघडलेल्या पुस्तिका किती असतील, या विचाराने मी अस्वस्थ होतो.

आणि आपलं काय? हिंदुस्थानातही १९०४मध्येच पुस्तिका निघाल्या. अर्ध्या आण्याची २४ किंवा एक आण्याची १२ तिकिटं, किंमत सव्वाबारा आणे. वरचा पाव आणा, म्हणजे तेव्हाचा एक पैसा, पुस्तिकेचा. लंडनचा अर्धा पेनी इथे पैसा होऊन उतरला होता! नंतर तिकिटांची छपाई नाशिकला आली, १९२६पासून नाशिकच्या प्रेसची तिकिटं चलनात दिसू लागली. तरी आपल्याकडच्या संग्राहकांचा जीव अजून शीटांत आणि प्रथमदिवस पाकिटांतच गुंतलेला आहे. मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट हवेत डिंक सुटतो, पानं एकमेकांना चिकटतात, पिनेभोवती गंज धरतो. त्यामुळे आपल्या पुस्तिका टिकणं ब्रिटनहून कठीण होतं, आणि म्हणून त्या जास्त काळजीने शोधायला हव्यात.

आजोबांच्या ट्रंकेत असं काही सापडलं तर पानं सुटी करू नका, गंजलेली पिनही उपटू नका. विकत घेत असाल तर आधी पिनेची भोकं बघा. वेगवेगळ्या ठिकाणची पानं जुन्या कव्हरात घालून नवी पिन मारलेल्या पुस्तिका बाजारात फिरतात. कव्हराला दोन भोकं आणि आतल्या पानाला चार असतील, तर ते पान त्या घरचं नाही.